आधी मॉनिटरवरची ती चिठ्ठी काढ

प्रश्न : चाकणला एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत अकाउंट्सला आहे. वय 27. शेजारच्या टेबलावरचा सहकारी न विचारता माझ्या डब्यातली भाजी उचलतो, फोनवर ओरडून बोलतो, साहेबांसमोर मला ‘हळूबाई’ म्हणतो. मी रजेवर असले की माझ्याच लॉगिनने टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) एंट्र्या करतो, कारण पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरलाच चिकटवलेली आहे. त्याचे टोमणे फार लागतात. काय करू?
– वैतागलेली

उत्तर : अगं, भाजीचं दुःख सविस्तर आणि पासवर्ड जाता जाता? डबा उद्यापासून दुसरीकडे बसून खा, विषय संपला. मला ती चिठ्ठी झोपू देणार नाही.

1 एप्रिल 2023पासून कंपन्यांना हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद चालू ठेवावीच लागते, बंद करता येत नाही. व्हाउचर, म्हणजे एकेका व्यवहाराची एंट्री, कुणी केलं, कुणी बदललं, किती वाजता, सगळं तिथे राहतं. पण त्या नोंदीत आयडी दिसतो, कीबोर्डवरचा हात दिसत नाही. म्हणजे तो बदल करणार आणि नाव तुझं लागणार. धोका काय ते बघ. कंपनीने एकाच माणसाला एका दिवसात 10,000 रुपयांच्या वर रोख दिली की तो खर्च आयकरात सहसा नाकारला जातो. म्हणून 18,000 एकरकमी देऊन 9,000ची दोन व्हाउचरं वेगवेगळ्या तारखांना दाखवायची खोड बऱ्याच ठिकाणी असते. असं व्हाउचर तुझ्या आयडीवर निघालं तर ऑडिटरला काय सांगशील, भाजी चोरणाऱ्याने केलं?

तेव्हा आज घरी जायच्या आधी चिठ्ठी फाड, पासवर्ड बदल. तो बदलायचा अधिकार तुझ्याकडे नसेल तर अ‍ॅडमिनकडून बदलून घे. मग हजेरीतून गेल्या सहा महिन्यांच्या तुझ्या रजांच्या तारखा काढ, त्या दिवशी तुझ्या नावावर झालेल्या एंट्र्या एडिट लॉगमधून, म्हणजे त्याच बदलांच्या नोंदीतून, शोध. व्हाउचरच्या तारखेवर जाऊ नकोस, मागची तारीख टाकता येते. एंट्री प्रत्यक्ष कधी झाली ते बघ. ती यादी जोडून साहेबांना मेल टाक. तोंडी नको, मेलच. त्याला वेगळा आयडी द्या, जुनं व्हाउचर बदलायचा किंवा खोडायचा अधिकार देऊ नका, एवढंच लिही. टोमण्यांचा त्यात एक शब्दही नको, नाहीतर साहेब ‘तुमचं आपसातलं’ म्हणून मोकळे होतील.

पुढच्या रजेला त्याचा फोन येईल, ‘अगं, पटकन पासवर्ड सांग ना.’ तेव्हा ‘तुझा आयडी झालाय ना?’ एवढं विचार आणि फोन ठेव.