‘मेला’ आणि ‘गेला’: पर्माडेथला मराठीत काय म्हणावं?

सोलापुरातल्याच एका तरुण वाचकाने विचारलं आहे: “आम्ही चार मित्र मिळून गोष्ट सांगणारा एक व्हिडिओ गेम मराठीतून करत आहोत. पर्माडेथ आणि रिप्लेएबिलिटी या दोन शब्दांपाशी गाडी अडली आहे. ‘कायममृत्यू’ आणि ‘पुनर्खेळता’ असे दोन शब्द सुचले, पण मोठ्याने वाचले की घशात अडकतात. काही बरं सुचवाल का?”

घशात अडकतात, कारण दोन्ही शब्द इंग्रजी शब्द समोर ठेवून तुकड्यातुकड्याने जोडलेले आहेत. गेम न खेळणाऱ्या वाचकांसाठी अर्थ आधी सांगून टाकतो. पर्माडेथ म्हणजे खेळातलं पात्र एकदा मेलं की कायमचं मेलं, मागचा सेव्ह, म्हणजे आधी जपून ठेवलेला डाव, उघडून त्याला परत आणता येत नाही. रिप्लेएबिलिटी म्हणजे गेम संपल्यावर तो पुन्हा खेळावासा वाटण्याचा गुण.

‘कायममृत्यू’त व्याकरणाची चूक नाही. पण मराठी माणसाच्या मनात मृत्यू मुळातच कायमचा असतो, त्याला ‘कायम’ हे शेपूट लागत नाही. इंग्रजीत ते लागलं, कारण व्हिडिओ गेममध्ये आधी तात्पुरतं मरण रुळलं. तीन लाइफ, एक संपली की दुसरी. मग खऱ्यासारख्या मरणाला वेगळं नाव द्यायची वेळ आली. आपल्याकडे तुपाचं असंच झालं. डालडा घरात येईपर्यंत तूप म्हणजे तूपच होतं, वनस्पती तूप आलं आणि जुन्या तुपाला उठताबसता ‘साजूक’ म्हणावं लागलं. तेव्हा आधी बघायला हवं की ‘साधं’ मरण आणि ‘साजूक’ मरण हा फरक मराठी खेळात कधी होता का. होता, आणि तो आपण रोज बोलतो.

मागच्या दिवाळीत भाचा घरी आला होता. सकाळभर मोबाइलवर एक धावण्याउड्या मारण्याचा गेम चालला होता आणि दर दोन मिनिटांनी आवाज यायचा, “मेलो की बे!” लगेच पुन्हा सुरू. दुपारी त्याने कॉम्प्युटरवर एक्सकॉम: एनिमी अननोन लावला. 2012 चा गेम आहे, परग्रहावरच्या हल्लेखोरांशी लढणारी सैनिकांची तुकडी आपण सांभाळायची. त्यात आयर्नमॅन नावाचा पर्याय आहे. तो घेतला की सेव्ह एकच राहतो, तोही गेमच करत राहतो, मागे फिरायची सोय नाही. सैनिकांना आपल्या मनासारखी नावं देता येतात. याने शाळेतल्या मित्रांची दिली होती. त्यातला एक जण बऱ्याच मोहिमा करून चांगला तयार झाला होता. तो एका चुकीच्या पावलाने उघड्यावर आला आणि पडला. भाच्याने माउस बाजूला सरकवला. मी विचारलं, “काय झालं रे?” म्हणाला, “गेला ओ मामा.” मग तळावर एक स्मरणभिंत आहे, तिथे जाऊन ते नाव बघून आला आणि बराच वेळ पुढची मोहीम काढली नाही.

सकाळी ‘मेलो’, दुपारी ‘गेला’. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मराठीत सोंगटी मरते, प्यादं मरतं, लंगडीतला गडी मरतो. माणूस मात्र जातो. माणसाला ‘मेला’ म्हटलं तर ती शिवी होते. ‘मेला’ हा शब्द वापरून इतका गुळगुळीत झाला आहे की त्यातलं मरण निघून गेलं आहे, म्हणूनच तो खेळाला चालतो. ‘गेला’त ते अजून शिल्लक आहे. दोन्ही शब्दांची घडण सारखीच आहे: ‘मृत’पासून प्राकृतातून ‘मेला’, ‘गत’पासून तसाच ‘गेला’. वजन मात्र अगदी वेगळं. तुमच्या गेममध्ये पात्र कायमचं संपतं तिथे पडद्यावर ‘मृत्यू’ असं जाड अक्षरात लिहू नका. ‘तुकाराम गेला.’ एवढंच लिहा. मराठी खेळणारा तिथे आपोआप थांबेल.

हे क्रियापद झालं. पण तुम्हाला त्या पद्धतीचं नाव हवं आहे, मेनूत लिहायला. त्यासाठी मैदानात जावं लागेल.

आमच्या लहानपणी सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या बोळात कबड्डी चालायची. पोरं तेलुगू, कन्नड, मराठी, दखनी अशी चार भाषांची, पण खेळातले शब्द सगळ्यांचे एकच. शेजारी गिरणीतून निवृत्त झालेले एक आजोबा बाजेवर बसून आमचे तंटे सोडवायचे. एकदा बाद गडी परत घ्यायचा की नाही यावरून भांडण जुंपलं, तेव्हा त्यांनी विचारलं, “आधी ठरवा, संजीवनी खेळताय का गामिनी?” तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

कबड्डीचे नियम एकसारखे होण्याआधी तिच्या तीन पद्धती होत्या: संजीवनी, गामिनी आणि अमर. संजीवनीत समोरचा एक गडी बाद केला की आपला एक बाद झालेला गडी जिवंत होऊन आत येतो. आजची कबड्डी याच पद्धतीतून आली, टीव्हीवर दिसते ती हीच. अमरमध्ये गडी बाद झाला तरी बाहेर जातच नाही, समोरच्याला गुण मिळतो आणि खेळ पुढे चालतो. आणि गामिनीत एकदा बाहेर गेलेला गडी बाहेरच. मागे उरलेल्यांनी कितीही गडी मारले तरी तो जिवंत होत नाही. सगळा संघ बाद होऊन लोण चढला की मगच सगळे पुन्हा मैदानात.

पर्माडेथ हीच. सुटे धागेसुद्धा जुळतात. पर्माडेथमध्ये खेळणारा मरत नाही, डाव संपतो, आणि नव्या डावात तो पुन्हा पहिल्या पायरीवर उभा राहतो. 1980 साली आलेल्या ज्या गेमने ही पद्धत रुजवली त्यात मेल्यावर अक्षरांनी काढलेलं एक थडगं दिसायचं, त्यावर तुमचं नाव, जमवलेलं सोनं आणि कुणी मारलं ते. सेव्ह केलेली फाइल उघडली की ती पुसली जायची, म्हणजे तिची दुसरी संधी नाही. मग नवा डाव, नवं भुयार. लोण चढल्यावर संघ पुन्हा उभा राहतो तसंच.

त्या गेमचं नाव मी मुद्दाम वर लिहिलं नाही, कारण ते देवनागरीत लिहिणं हाच एक प्रश्न आहे. इंग्रजीत त्याचा अर्थ लुच्चा, बदमाश. आपल्या लिपीत तो होतो ‘रोग’. त्यावरून पडलेलं ‘रोगलाइक’ हे प्रकारनाव मराठी वाचकाच्या डोळ्याला आजारासारखं दिसतं. उच्चार तंतोतंत उतरवूनही अर्थ पार बिघडतो, अशी उदाहरणं थोडी असतात. त्या सगळ्या कुळाला ‘गामिनी जातीचे खेळ’ म्हटलं तर हा घोळही मिटतो.

‘गामिनी’ आज कुणाला कळणार, असं तुम्ही म्हणाल. शंका रास्त आहे. ‘गजगामिनी’ सोडली तर हा शब्द सहसा कानावर पडत नाही. पण त्याचं मूळ ‘गम्’, म्हणजे जाणं, तेच तुमच्या ‘गेला’तही आहे. खेळणाऱ्याने एकदा ‘गामिनी: गेलेला गडी या डावात परत येत नाही’ हे वाचलं की तो शब्द विसरणार नाही. पर्माडेथ तरी पहिल्या वाचनात कुणाला कळला होता? आणि ज्याला अगदी साधं हवं त्याने ‘एका जिवाचा डाव’ म्हणावं. फक्त ‘एकजीव’ करू नका, ते पिठल्याला लागतं.

याच मैदानावर आणखी दोन शब्द पडलेले आहेत. 1990 पासून चालत आलेल्या फायर एम्ब्लेम या जपानी मालिकेत लढाईत पडलेला साथीदार कायमचा जायचा. पुढच्या काही भागांत कॅज्युअल नावाचा पर्याय आला: पडलेला साथीदार लढाई संपली की परत. जुने खेळणारे नाराज झाले, पण पुष्कळ नवे लोक त्यामुळेच मालिकेकडे वळले. आपल्याकडे लहान भावंडाला खेळायला घेताना आपण म्हणतोच, “हा कच्चा लिंबू.” काही घरांत दूधभात. तो बाद झाला तरी चालतं, त्याला गोष्टीत राहू द्यायचं. त्यात कमीपणा नाही, आपण सगळे तिथूनच खेळायला शिकलो. दुसरा शब्द सेव्ह-स्कमिंगसाठी. मनासारखं झालं नाही की मागचा सेव्ह उघडायचा, पुन्हा, पुन्हा. याला ‘रडीचा डाव’ याहून नेमकं नाव मला माहीत नाही.

आता गोष्टीच्या खेळांकडे. इथे ‘गामिनी’ थोडी अपुरी पडते, ते सांगितलं पाहिजे. 2010 च्या हेवी रेनमध्ये चार पात्रं आपल्या हातात असतात. त्यातलं एखादं गेलं तरी डाव संपत नाही, गोष्ट त्याच्याशिवाय पुढे जाते. 2015 च्या अनटिल डॉनमध्ये आठ तरुण आहेत, आठही वाचू शकतात, आठही जाऊ शकतात. इथे मरण ही शिक्षा नाही, तो गोष्टीला फुटलेला फाटा आहे. फाटा हा शब्द मी जपून वापरतो, कारण ‘फाटा देणे’ म्हणजे टाळणे, ‘फाटे फोडणे’ म्हणजे उगाच शंका काढणे. पण ‘गोष्टीला फाटे फुटतात’ असं म्हटलं की कुणाचा गैरसमज होत नाही. अक्कलकोटला निघालेल्याला मधल्या फाट्यावर दुसरं गाव लागतं, तसंच. 2018 च्या डेट्रॉइट: बिकम ह्यूमनमध्ये तर प्रत्येक प्रकरणानंतर हे फाटे नकाशासारखे मांडून दाखवतात: तुम्ही गेलात तो रस्ता उजळलेला, न पाहिलेले कुलूपबंद. ती कुलपं बघूनच माणूस पुन्हा खेळायला बसतो.

आणि इथे तुमचा दुसरा शब्द येतो. ‘पुनर्खेळता’ आधी संधीतच चुकतो. पुनर्जन्म, पुनर्विचार, पुनर्मुद्रण बरोबर, कारण पुढे ज, व, म आहेत. क, ख, प, स आले की विसर्ग राहतो: पुनःप्रक्षेपण, पुनःस्थापना. म्हणजे ‘पुनःखेळ’ लिहावं लागेल. संस्कृत उपसर्ग आणि घरचा ‘खेळ’ यांची ती सोयरीक जमत नाही. ‘फेरखेळ’ ऐकायला चांगला आहे, मीही आधी त्याच्यावरच थांबलो होतो. पण फेरमतदान, फेरमोजणी, फेरपरीक्षा आठवून बघा. ‘फेर’ लागतो तिथे पहिल्या खेपेत काहीतरी गडबड झालेली असते. तुमचा गेम पहिल्यांदा नीट झाला नाही म्हणून पुन्हा खेळा, असं तुम्हाला म्हणायचं नाही.

मग आवडलेल्या गोष्टीकडे पुन्हा जाण्याला मराठी माणूस काय म्हणतो? “त्या कादंबरीची मी पारायणं केली आहेत.” सिनेमाबद्दलही हेच म्हणतो. शब्द ज्ञानेश्वरी-गुरुचरित्राच्या सप्ताहातून आला, पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात असल्याने तो आपल्या कानाला रोजचा आहे, आणि त्याची घडण बघा: पार आणि अयन, म्हणजे शेवटापर्यंत जाणं. मध्येच सोडलं तर पारायण होत नाही. एक पूर्ण खेळून काढलेला गेम म्हणजे एक पारायण. देवाधर्माचा शब्द गेमला कसा, ही हरकत मला टिकणारी वाटत नाही, कादंबरीने आणि सिनेमाने तो कधीच आपलासा केला आहे.

एक अडचण मात्र खरी आहे. पारायणात पोथी तीच असते, आणि फाटे असलेल्या गेममध्ये दुसऱ्या खेपेला पोथीच बदलते. तिथे मी ‘दुसरा डाव’ म्हणेन. पारायण ठेवावं ते 2020 च्या हेडीजसारख्या गेमसाठी. त्यातला झाग्रेअस पाताळातून बाहेर पडायला बघतो, मरतो, आणि दर वेळी बापाच्या घरीच परत येतो. आल्यावर बाप टोचून बोलतो, घरातली माणसं मागच्या खेपेची चौकशी करतात, आणि गोष्ट तेवढी पुढे सरकते. पहिल्यांदा सुटलं म्हणून संपत नाही, गोष्टीचा मुख्य शेवट गाठायला दहा वेळा सुटावं लागतं. इथे ‘मेला’ही म्हणता येत नाही आणि ‘गेला’ही नाही. ‘घरी आला’ म्हणावं लागतं. पुन्हा खेळणं हीच या गेमची गोष्ट आहे, आणि तिला पारायण हाच शब्द शोभतो.

भाववाचक नाम हवंच असेल तर मी ते करणार नाही. ‘पारायणक्षमता’ कुणी बोलणार नाही. परीक्षण लिहिताना चौकटीत ‘पारायणं किती होतील?’ असा सरळ प्रश्न घाला आणि उत्तर लिहा. वाक्यात ‘पुन्हा मांडण्याजोगा डाव’ म्हणा. इंग्रजीत जिथे नाम लागतं तिथे मराठीला बहुतेक वेळा क्रियापद पुरतं.

तुमच्या मेनूसाठी एवढं घ्या. सुरुवातीच्या पडद्यावर ‘डाव कसा मांडायचा?’ आणि खाली तीन बटणं. अमर: गडी पडला तरी गोष्टीतून जात नाही. संजीवनी: पडलेला गडी उठवता येतो. गामिनी: गेला तो गेला. ‘गडी’च्या जागी ‘पात्र’ घालू नका. आणि चाचणीला मुलं बसवाल तेव्हा कोणता शब्द ती न विचारता उच्चारतात ते लिहून ठेवा, विशेषतः पूर्व भागातली, ज्यांच्या घरात तेलुगू आणि गल्लीत मराठी आहे. ती यादी मला वाचायला फार आवडेल.