बाविसाव्या वर्षी रग्बी सुरू केलं तर?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी 22 वर्षांची, नोकरीला लागून सहा महिने झालेत. मैत्रिणीचा सराव बघायला म्हणून गेली आणि आता रग्बी खेळायचंच म्हणते; जमलं तर पुढे त्यातच करिअर. शाळेत थोडंफार धावली, एवढाच काय तो मैदानाशी संबंध. तुम्ही विचारता, वय निघून गेलं नाही का, हातपाय मोडून घेतले तर, आणि उद्या नोकरी सोडते म्हणाली तर?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नोकरी सोडायची नाही. सराव आठवड्यातून दोनेक संध्याकाळी, सामना सुट्टीच्या दिवशी. बहुतेक क्लबांतले खेळाडू नोकरी सांभाळूनच खेळतात. पंधरा जणांचं रग्बी तर 1995 पर्यंत अधिकृतपणे हौशीच होतं, खेळण्याचे पैसे घेणं नियमात बसत नव्हतं. पण तिला खेळण्यापासून अडवूही नका.

जिम्नॅस्टिक्स असतं तर वयाबद्दल मी वेगळं बोललो असतो. इथे तसं नाही. कार्लिन आइल्स हा अमेरिकन धावपटू 2012 मध्ये, बाविशीत रग्बीकडे वळला आणि त्याच वर्षी देशाकडून सात जणांचं रग्बी खेळला. न्यूझीलंडची पोर्शिया वुडमन वरच्या पातळीवरचं नेटबॉल सोडून विशीत इकडे आली. टोकियो आणि पॅरिस अशा दोन्ही ऑलिंपिकची सुवर्णपदकं तिच्याकडे आहेत. मुलीला ही नावं जरूर सांगा, पण पुढचंही सांगा. हे दोघे रग्बीत नवखे होते, मैदानावर नव्हते. वर्षानुवर्षं कमावलेलं शरीर ते घेऊन आले होते. तुमच्या मुलीने देशाच्या संघाचा हिशेब मनात धरून सुरुवात करू नये. क्लबच्या संघात मात्र तिला जागा मिळू शकेल, कारण या खेळात पुढच्या फळीत रेटा देणाऱ्या प्रॉपला ताकद लागते, कडेने धावणाऱ्या विंगरला वेग, आणि रेटारेटीतून चेंडू बाहेर काढणाऱ्या स्क्रम हाफला चपळाई आणि डोकं. एकाच ठशाचं शरीर इथे चालतच नाही.

आता दुखापत. तुमची भीती खरी आहे, रग्बीत शरीरावर शरीर आदळतं. पण टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूला धरून खाली पाडणं, ही शिकायची गोष्ट आहे, आणि चांगला प्रशिक्षक ती गुडघ्यांवर बसवून शिकवतो. समोरची मुलगी नुसती चालत येते. नजर वर, पाठ सरळ, खांदा तिच्या मांडीला, दोन्ही हातांचा घट्ट विळखा, आणि गाल तिच्या कुल्ह्याला चिकटलेला. डोकं कायम तिच्या मागच्या बाजूला. ते पुढे आलं की तिचा गुडघा किंवा कंबर थेट डोक्यावर बसते, म्हणून ही एक गोष्ट शंभरदा घोटून घेतात. पडायलाही शिकवतात: चेंडू छातीशी, हात टेकायचा नाही, खांद्यावरून लोळायचं. नवशिक्या माणसाचा हात आपोआप जमिनीकडे जातो आणि मनगट जातं.

स्क्रम म्हणजे दोन्ही संघांच्या खेळाडूंनी वाकून, एकमेकांत गुंतून चेंडूसाठी केलेली रेटारेटी. तिच्या पहिल्या फळीत तर योग्य प्रशिक्षण नसलेल्या खेळाडूला उभं करायचंच नाही, असा नियम आहे. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी लगेच बाहेर, त्या दिवशी परत मैदानात नाही. वर्ल्ड रग्बी या खेळाच्या जागतिक संघटनेच्या सूचनांप्रमाणे हौशी प्रौढ खेळाडूने त्यानंतर सामन्यात उतरायला सर्वसाधारणपणे किमान 21 दिवस थांबायचं असतं. ‘काही होत नाही गं, खेळ’ असं म्हणणारा क्लब दुसऱ्या दिवशी सोडावा.

करिअरचं थोडक्यात. खेळाडू म्हणून पोट भरेल, असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण खेळाभोवती कामं आहेत: प्रशिक्षण, फिजिओथेरपी, सामन्यांचं व्हिडिओ विश्लेषण. मला स्वतःला पंचाचं काम तिच्यासाठी सर्वात मोलाचं वाटतं. 2023 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे पंच वेन बार्न्स पेशाने बॅरिस्टर. पंचाला दम लागतो, नियम पाठ लागतात आणि तीस धिप्पाड माणसांसमोर शांत राहावं लागतं. उशिरा आलेल्या माणसालाही यात पुढे जाता येतं. वर्ल्ड रग्बीचे सुरुवातीचे ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहेत. दोन-तीन तिने या महिन्यातच करावेत. खेळ नियमांसकट आवडतो की नुसता लांबून, हे तिचं तिला कळेल.

सुरुवात टच रग्बीने करा. त्यात टॅकल नसतो, पण चेंडू मागेच द्यायचा ही सवय आणि धावण्याचा दम तिथेच येतो. दातांसाठी माउथगार्ड पहिल्या दिवसापासून.

आणि एका सरावाला तुम्हीही जा. कडेला उभ्या राहा आणि प्रशिक्षकाला एवढंच विचारा, माझ्या मुलीला पहिल्या सामन्यात कधी उतरवणार? ‘तिचा टॅकल पाहून ठरवू’ म्हणाले तर निश्चिंत मनाने घरी या. ‘याच रविवारी, मुली कमी पडताहेत’ म्हणाले तर तिला सोबत घेऊन या आणि दुसरा क्लब शोधा.