मोजपट्टीच्या आधी लिलाव

प्रिय मित्रा,

बंदरावर रुजू झालास, वाचून बरं वाटलं. शाश्वत मासेमारीवर कोळीवाड्यात पहिली सभा कधी घेऊ, असं विचारलंस. माझं ऐकशील तर इतक्यात घेऊ नकोस.

आधी लिलावाला उभा राहा. बारीक पापलेट कोण उचलतं, काय भावाने, ते बघ. राज्याने 2023 मध्ये 54 जातींची किमान लांबी ठरवली, त्यात पापलेटाची 135 मिलिमीटर. त्याच वर्षी पापलेट राज्यमासाही झाला. कागद चोख आहे. पण पिल्लू जाळ्यातून वर येतं तेव्हा बहुतेक वेळा मेलेलंच असतं. ते परत फेकून समुद्राला काय मिळणार? म्हणून बोलायचंच तर जाळ्याच्या आसावर, म्हणजे भोकाच्या मापावर बोल. डोलीच्या, म्हणजे प्रवाहात रोवलेल्या पिशवीसारख्या जाळ्याच्या, खोल्याचा (मासळी साठते त्या शेवटच्या भागाचा) आस बारीक असला की बोंबलाबरोबर पापलेटाची पिल्लंही येणारच. ट्रॉलला, म्हणजे बोटीमागून ओढायच्या जाळ्याला, 40 मिलिमीटरचा चौकोनी आस सांगतात, कारण ओढ बसली तरी तो उघडा राहतो. तिरका आस ताणला की मिटतो. हे भाषणात सांगू नकोस, जाळ्याचा तुकडा हातात घेऊन ताणून दाखव. तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, पटायला तेवढं पुरतं. मग तो विचारेल, नवीन जाळ्याचे पैसे कोण देणार? ते उत्तर शोधून ठेव.

पैशाचा विषय टाळू नकोस. कासव अडकलं तर जाळं कापून सोडा, असं आपण वर्षानुवर्षं सांगत होतो. डिसेंबर 2018 पासून फोटोच्या पुराव्यावर 25 हजारांपर्यंत भरपाई मिळू लागली आणि लोक स्वतःहून फोटो पाठवू लागले. त्यांना कासवाचं प्रेम नव्हतं असं नाही. फाटलेल्या जाळ्याचा हिशेब कुणी धरत नव्हता.

सभेत पहिला टोमणा एलईडीचा, म्हणजे झगझगीत दिव्यांनी मासे गोळा करून पकडण्याचा, येईल. केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली, तरी रात्री उजेड दिसतोच. ‘मोठ्यांना धरा, मग आम्हाला शिकवा,’ असं म्हणतील. माझ्या मते त्यांचं बरोबर आहे. पावसाळी बंदीत 1 जून ते 31 जुलै बोट किनाऱ्याला ओढून बसणाऱ्याला तसं म्हणायचा हक्क आहे. म्हणून एलईडीवाल्यांवर कारवाई कुठे झाली, पुढे दंड भरला का, याची वही घेऊनच जा आणि सुरुवात तिथूनच कर.

आणि सभा संध्याकाळी ठेव. सकाळी मासळी विकणाऱ्या बायका बाजारात असतात, आणि बारीक मासळी घ्यायची की नाही हे त्याही ठरवतात.

तुझा,
सर