मुलीला नर्सिंगला घालावं का?

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. तिला बी.एस्सी. नर्सिंगच करायचंय. तिची आत्या सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. २०२० मध्ये कोविड वॉर्डात ड्युटी करताना तिला लागण झाली. त्यातून ती वाचली, पण अजून दोन जिने चढले की धाप लागते. मुलीचे बाबा म्हणतात, घरात एक उदाहरण असताना दुसरं कशाला? पुन्हा तशी साथ आली तर? मुलगी धीराची आहे, पण तेवढं पुरेल का?
– एक आई, सांगोला

उत्तर :
ताई, नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, पुरत नाही. तुमच्या नणंदबाई काय कमी धीराच्या होत्या? आणि मुलीच्या बाबांची भीती पोकळ आहे असंही मी म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी कोविडने दगावले. सगळे धीराचेच असणार.

केरळचं बघा. २०१८ च्या मे महिन्यात कोझिकोड भागात निपाह या जीवघेण्या विषाणूची साथ आली. पेरांब्राच्या तालुका रुग्णालयातल्या परिचारिका लिनी पुतुश्शेरी रुग्णाची शुश्रूषा करता करता त्याच आजाराने गेल्या. त्या साथीत बहुतेकांना लागण झाली ती रुग्णालयांतच, कारण आजार कोणता हेच सुरुवातीला कळलं नव्हतं. पुढच्याच वर्षी एर्नाकुलममध्ये निपाहचा एक रुग्ण सापडला. तो बरा झाला, आणि त्याच्यापासून एकाही कर्मचाऱ्याला लागण झाली नाही. विषाणू तोच होता. वर्षभरात तिथल्या सिस्टर काही जास्त शूर झाल्या नव्हत्या. संशय आला की रुग्ण वेगळा ठेवायचा, मास्क-गाऊन घातल्याशिवाय जवळ जायचं नाही, संपर्कातल्या सगळ्यांची यादी करायची, हे तोवर अंगवळणी पडलं होतं.

म्हणून मुलीचा धीर मोजत बसू नका. ती जिथे शिकणार, पुढे नोकरी करणार, तिथली तयारी बघा.

माझी एक जुनी विद्यार्थिनी २०२० च्या उन्हाळ्यात एका जिल्ह्याच्या गावी कोविड वॉर्डात होती. चणीने लहान. पीपीई किटचा एकच साइज आलेला, म्हणून पायाशी गोळा झालेलं कापड चिकटपट्टीने गुंडाळून ती वॉर्डात जायची. हातमोजे साडेसातचे, हिचा हात साडेसहाचा. बोटांच्या टोकाशी रबर लोंबायचं आणि शीर सापडायची नाही. सहा-सहा तास पाणी नाही, लघवीला जाणं नाही. तिने मला सांगितलेलं एक वाक्य मी तेव्हापासून प्रत्येक पालकाला ऐकवते : "मॅडम, किट घालताना काही होत नाही, काढताना होतं." दमलेला माणूस घाईने मास्क ओढतो आणि तोच हात डोळ्याला लावतो. पुढे त्यांच्या इनचार्ज सिस्टरने काढायच्या खोलीत आरसा लावून घेतला आणि एकीने किट काढायचं तेव्हा दुसरीने समोर उभं राहून एकेक पायरी मोठ्याने वाचायची, असा नेम घालून दिला. आरशाला काही फार पैसे पडले नसतील. चहाच्या खोलीत मास्क काढून चौघींनी एकत्र बसणंही त्याच सिस्टरने बंद करवलं.

आता साथ बाजूला ठेवू. ती कधीतरी येते, सुई मात्र रोज हातात असते. वापरलेली सुई टोचली तर हिपॅटायटिस बी, सी किंवा एचआयव्हीची लागण होऊ शकते. टोचल्यावर जागा साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही आणि लगेच कळवायचं. एचआयव्ही टाळायचं औषध शक्यतो दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. नव्या मुली ओरडा बसेल म्हणून लपवतात, आणि मला सगळ्यात जास्त धास्ती याचीच वाटते. म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा फी विचारून झाली की हे विचारा : रात्री दोन वाजता मुलीला सुई टोचली तर तिने कुणाला फोन करायचा? जिथे एका दमात उत्तर मिळेल ते कॉलेज यादीत वर घ्या. "आमच्याकडे असं काही होत नाही" असं उत्तर आलं, तर चहा पिऊन परत या.

हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस वॉर्डात पाठवण्याआधी देतात का, तेही विचारा. यात कुणी उपकार करत नाही. जैववैद्यकीय कचऱ्याच्या, म्हणजे वापरलेल्या सुया, रक्ताळलेले बोळे वगैरेंच्या, २०१६ च्या नियमांनुसार हा कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं, कामावर घेताना आणि पुढे दरवर्षी आरोग्य तपासणी व प्रशिक्षण करणं ही रुग्णालयाचीच जबाबदारी आहे.

एक गोष्ट प्रवेशाच्या वेळी सहसा कुणी सांगत नाही. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने बी.एस्सी. आणि जीएनएम (नर्सिंगची पदविका) यांच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही वरिष्ठांच्या देखरेखीखाली पूर्णवेळ कोविड ड्युटी देण्याची मुभा दिली होती. म्हणजे पुन्हा तशी वेळ आली तर पदवी हातात पडायच्या आधीच मुलीला बोलावणं येऊ शकतं. विम्याचंही नीट समजून घ्या. मार्च २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी जाहीर झालेला ५० लाखांचा विमा मृत्यूसाठी होता. धाप लागत राहिली, नाइट ड्युटी झेपेनाशी झाली, तर त्यातून काही मिळत नव्हतं. तेव्हा पुढे मुलीला कंत्राटी नोकरी मिळाली तर नेमणुकीचं पत्र हातात घेतल्याशिवाय एकही पाळी करू देऊ नका, आणि आजारपणाची रजा व उपचारांचा खर्च याबद्दल त्यात काय लिहिलंय ते वाचा. 'कोविड योद्धा' हा शब्द मला म्हणूनच कधी आवडला नाही. योद्धा पडणारच, असं लोक आधीच धरून चालतात.

मनाचं म्हणाल तर समुपदेशकाच्या भाषणापेक्षा ड्युटीचा तक्ता जास्त बोलतो. सलग किती नाइट लागतात, डबल ड्युटी महिन्यातून किती वेळा, आठवड्याची सुट्टी खरंच मिळते का, हे तिथल्याच एखाद्या सिस्टरला बाजूला घेऊन विचारा. फारच कोंडमारा झाला तर १४४१६ ही टेलिमानसची मोफत सरकारी हेल्पलाइन आहे. मुलीच्या फोनमध्ये नंबर टाकून ठेवा.

मुलीला या विषयाची गोडी लागली तर हेच काम करिअर म्हणूनही करता येतं. एनएबीएच या रुग्णालयांच्या दर्जाच्या मानांकनासाठी रुग्णालयात संसर्ग नियंत्रणाची परिचारिका लागते. तो आरसा लावायचं काम तिचं. पण ते वॉर्डातल्या काही वर्षांनंतर.

सीईटी झाली की पसंतीक्रम भरण्याआधी दोन-तीन कॉलेजं आणि त्यांना जोडलेली रुग्णालयं प्रत्यक्ष बघून या, आणि नणंदबाईंना सोबत न्या. हात धुवायच्या बेसिनपाशी साबण आहे का, सुयांचा पांढरा डबा काठोकाठ भरलाय का, हे त्यांना दारातूनच दिसेल. त्यांनी "इथे नको" म्हटलं तर नको. आणि त्यांना जिने चढायला लावायच्या आधी एकदा छातीच्या डॉक्टरांकडे नेऊन फुप्फुसांच्या क्षमतेची तपासणी करून घ्या. इतकी वर्षं झाली, आता काय, असं म्हणून अंगावर काढू देऊ नका.