स्पेसाइडची पॅगोडा छपरं आणि एल्गिनचे डोइग

तुम्ही विचारलंय की स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागात, एल्गिन गावाच्या आसपास जवळजवळ प्रत्येक व्हिस्की डिस्टिलरीवर पॅगोडासारखं छप्पर का दिसतं, ती जपानी-चिनी फॅशन होती का, आणि हे एकाच माणसाचं काम का. फॅशन नव्हे. ते धुरांडं आहे. माणूस मात्र बऱ्याच अंशी एकच: चार्ल्स डोइग (1855–1918). त्यांची वास्तुरचनेची कचेरी एल्गिनमध्येच होती, आणि पहिलं असं छप्पर 1889 साली डॅल्युएन डिस्टिलरीवर चढलं.

धुरांडं कशासाठी, हे नाचणीचं सत्त्व करणाऱ्या घरात पटकन कळेल. तिथे आपण नाचणी भिजवतो, मोड आणतो, वाळवतो. इथे तेच बार्लीचं. दोनेक दिवस भिजवून दाण्यात साधारण 45 टक्के ओल आणायची, मग दगडी जमिनीवर पसरून पाच-सात दिवस मोड येऊ द्यायचे. या काळात लाकडी फावड्याने दाणे सतत उलथावे लागतात, नाहीतर मुळं एकमेकांत गुंतून गठ्ठे होतात आणि आतला थर तापतो. मोड पुरेसे आले की वाढ थांबवायला दाणे भट्टीत न्यायचे. भट्टी म्हणजे उंच चौकोनी खोली. खाली विस्तव, वर भोकं पाडलेल्या फरशांची किंवा जाळीची जमीन, तिच्यावर बार्ली. गरम हवा थरातून वर जाते आणि ओल 4–5 टक्क्यांवर येते.

सगळी मेख इथे आहे. दाणा ओला असताना उष्णता जास्त झाली, तर स्टार्चची साखर करणारी एन्झाइम्स मरतात. म्हणून सुरुवातीला आच बेताची आणि हवा भरपूर लागते. दाणा कोरडा होत आला की मग आच वाढवता येते. पण ओलसर हवा वरून निघालीच नाही तर दाणे वाळण्याऐवजी वाफेवर शिजतात, आणि अशा माल्टमधून (मोड आणून वाळवलेल्या बार्लीतून) पुढे साखर कमी, म्हणजे मद्यार्कही कमी. ओढ नसलेली चूल जशी घरात धूर कोंडते, तसंच. भट्टीत जाळायच्या पीटचा (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या इंधनाचा) धूरही दाण्याची साल ओली असेतोवरच नीट धरतो; त्यामुळे ओढ बिघडली की चवही हाताबाहेर जाते.

आधी भट्ट्यांवर साधं निमुळतं छप्पर किंवा वाऱ्याबरोबर फिरणारी टोपी असे. फिरणारी टोपी अडकली की वारा थेट आत घुसे. डोइगनी फिरतं काही ठेवलंच नाही. छपराच्या चारही बाजू आत वळवून वरच्या गळ्याकडे निमुळत्या केल्या, गळ्याच्या चारही बाजूंना हवेला वाट ठेवली आणि वर रुंद, बाहेर आलेली टोपी बसवली. वारा कुठूनही आला तरी एक बाजू आडोशाची राहते, तिथून धूर निघतो. पाऊस टोपीवरून बाहेर ओघळतो. याला तिथे ‘डोइग व्हेंटिलेटर’ म्हणतात. ‘पॅगोडा’ हे नाव त्याच्या दिसण्यावरून पडलं.

माझ्या मते छपरापेक्षा त्यांची जागेची जाण मोठी. त्यांनी आखलेली स्पेबर्न डिस्टिलरी (1897) रोथेस गावाजवळच्या अरुंद दरीत आहे. आडवं पसरायला वाव नव्हता, म्हणून इमारत उंच केली आणि मोड आणण्यासाठी जमिनीऐवजी फिरते ड्रम बसवले. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवी वर्षाचा शिक्का पिंपांवर मिळावा म्हणून डिसेंबरात, दारं-खिडक्या बसायच्या आत, कामगारांनी ओव्हरकोट घालून तिथे काम सुरू केलं, असं सांगतात.

पुढच्याच वर्षी लीथची पॅटिसन ही व्हिस्कीचा व्यापार करणारी कंपनी बुडाली आणि उधारीवर फुगलेला धंदा कोसळला. डोइगनीच आखलेली ग्लेन एल्गिन डिस्टिलरी (1900) त्या तडाख्यात सापडली आणि ठरल्यापेक्षा लहान झाली. पुढची पन्नास वर्षं स्पेसाइडमध्ये नवी डिस्टिलरी होणार नाही, असं डोइग तेव्हा म्हणाल्याचं सांगतात. त्यानंतरची नवी डिस्टिलरी, टॉर्मोर, उभी राहिली ती 1960 साली!

आता पाहायला जाताना. बहुतेक डिस्टिलऱ्या आज माल्ट मोठ्या कारखान्यांतून आणतात, त्यामुळे बरीचशी छपरं नुसती शोभेची उरली आहेत. काही नव्या इमारतींवर तर ती पहिल्यापासूनच शोभेची. खरी ओळखायची तर नजर खाली आणा. छपराला लागून लांब, बुटक्या मजल्यांची, छोट्या खिडक्यांच्या रांगांची इमारत आहे का? ते मोड आणायचे मजले. छत मुद्दाम बुटकं, कारण दाण्याचा थर पातळ आणि वर वाव लागत नाही. त्यांना चिकटून भट्टी नसेल तर पॅगोडा शोभेचा समजा.

एल्गिनहून दक्षिणेला काही किलोमीटरवर बेनरिअक आहे. ती 1900 पासून 1965 पर्यंत बंद होती, पण शेजारच्या लाँगमॉर्नसाठी माल्ट करणं चालू राहिलं, म्हणून मजले वाचले. आता वर्षातला काही काळ जमिनीवरचं माल्टिंग पुन्हा होतं. तारखा आधी विचारून जा. फॉरेसजवळची डॅलस डू डोइगनीच आखलेली. 1983 साली उत्पादन थांबल्यामुळे फारसं काही बदललं नाही, पण सध्या आत प्रवेश मिळतो का ते निघण्यापूर्वी तपासा. डॅल्युएनला मात्र मूळ छप्पर शोधू नका. 1917 च्या आगीत ते जळालं.