महजरातलं साल आणि मजलिशीतली माणसं

प्रश्न : घरात देसाईवतनाच्या तंट्यावरच्या महजराची, म्हणजे निवाड्याच्या कागदाची, मोडी नक्कल आहे. लिप्यंतर करून घेतलं, तर साल ‘सुहूर सन सलास सितैन अलफ, छ ११ रजब’ निघालं. म्हणजे हिजरी १०६३, इसवी १६५२-५३ ना? शिवाय वर हवालदार नि काजी, खाली पाटील, शेटे, बलुतेदार. मग निवाडा केला कुणी, सरकारने की गावाने?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : आकडा बरोबर वाचलात, सन चुकलात. सलास ३, सितैन ६०, अलफ १०००. एकं आधी, हजार शेवटी. पण ‘सुहूर’ हा सौर सन. तो मृगाला बदलतो, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. त्यात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. महिने मात्र हिजरीचेच. ‘छ’ म्हणजे चंद्र, चांद्र तारीख. फसगत होते ती इथेच. त्या साली रजब फेब्रुवारीत आला होता, म्हणून १०६३ अधिक ६००, फेब्रुवारी १६६३. हिजरी धरलं की कागद दहा वर्षं मागे जातो आणि तख्तावर दुसऱ्या अली आदिलशहाऐवजी त्याचा बाप महंमद येऊन बसतो. ‘खमस’ ५ आणि ‘खमसैन’ ५० यांचीही गल्लत होते. त्या ठिकाणी मूळ मोडी पुन्हा बघावी.

आता मजलिस, म्हणजे निवाड्याला बसलेली सभा. हवालदार आणि काजी ही दिवाणची, म्हणजे सरकारची, बाजू. हवालदार विजापूरचा नेमलेला. आज हुक्केरीत, उद्या आणखी कुठे. देसाई-देशकुलकर्णी परगण्याचे, पाटील-कुलकर्णी (कानडी गावांत गौडा-शानभोग) गावचे, शेटे-महाजन पेठेचे. ही सगळी वंशपरंपरेची वतनं. यांच्यात बलुतेदार मिळाले की झालं गोत. कुठलं शेत कुणाच्या आज्याने वाहिलं हे गोताला ठाऊक, हवालदाराला नाही. म्हणून वतनाचा तंटा गोताच्या मुखाने सुटे. दिवाणने मजलिस भरवायची, जामीन घ्यायचे, निकाल अमलात आणायचा. काजीचा शिक्का दिसला म्हणून शरियतचा निवाडा समजू नका. अशा तंट्यात वहिवाटच चाले.

क्रम साधारण असा. आधी दोघा वादींच्या तकरिरी (आपापली बाजू मांडणारे जबाब), मग निकाल मानू असा राजीनामा आणि त्याला जामीन. इथलं गोत एका बाजूला झुकलंय असं वाटलं तर वादी दुसरं थळ, म्हणजे निवाड्याला दुसरी जागा, मागून घेई. पुढे जुने कागद, साक्षी, वहिवाट. त्यानेही भागलं नाही तर दिव्य : उकळत्या तेलातून धातूचा रवा काढायचा, हाताला पिशवी बांधून मोहोर करायची, तिसऱ्या दिवशी हात बघायचा. शेवटी महजर. हरलेला यजितखत (हार कबूल केल्याचा कागद) देई, जिंकलेला दिवाणला शेरणी (जिंकल्याबद्दलची रक्कम) भरी.

तेव्हा नकलेत तीन गोष्टी शोधा. पाटलाच्या नावापाशी नांगर आणि शेट्यांपाशी तराजू काढलाय का, किंवा नुसतं ‘नांगर’ असं लिहिलंय का? ती त्यांची निशाणी, सहीच. यजितखताचा उल्लेख आहे का? आणि शेरणीची रक्कम? महजराबरोबर यजितखतही तुमच्याच घरी सापडलं, तर वाद तुमच्या पूर्वजांनी जिंकला. यजितखत हरणारा जिंकणाऱ्याला लिहून देत असे.