‘आजार’ हा शब्द संस्कृत ‘जरा’ या शब्दापासून आला आहे का?

‘आजार’ या शब्दाचा अर्थ काय आणि तो ‘जरा’ म्हणजे वार्धक्य या संस्कृत शब्दावरून आला असावा का, असे आपण विचारले आहे. तो तसा आलेला नाही. ‘आजार’ हा शब्द फारसी असून मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही त्याच्यापुढे फारसीची खूण केलेली आहे.

कोश हाताशी नसला तरी याची एक चाचणी आपल्या जिभेवरच घेता येते. संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांतला ‘ज’ (जल, जय, जन) आपण सहसा तालव्य, म्हणजे जीभ टाळूला लावून उच्चारतो. ‘आजार’मधला ‘ज’ मात्र ‘बाजार’ आणि ‘हजार’ या फारसी शब्दांतल्यासारखा दंततालव्य, म्हणजे जीभ दातांकडे नेऊन उच्चारलेला आहे. ‘जरा’ याच अक्षरांचे आपल्याकडे दोन शब्द आहेत. वार्धक्य या अर्थाची ‘जरा’ संस्कृत, तर ‘जरा थांबा’मधला ‘जरा’ अरबी-फारसीतून आलेला, आणि लिहिताना सारखेच दिसणारे हे दोन शब्द मराठी माणूस कोणी न शिकवता वेगवेगळे उच्चारतो. एवढ्यावरून शब्द फारसी ठरत नाही, कारण ‘जाणे’सारख्या अस्सल देशी शब्दांतही हाच उच्चार आहे, आणि ‘राजा’, ‘पूजा’ असे काही संस्कृत शब्दही याला अपवाद आहेत, पण तो संस्कृतातून थेट उचललेला नसावा, असा अंदाज त्यावरून बांधता येतो.

फारसीत ‘आज़ार’चा अर्थ इजा, त्रास, छळ असा आहे आणि ‘आज़ुर्दन’ म्हणजे दुखावणे. उर्दूत ‘दिलआज़ारी’ म्हणजे कुणाचे मन दुखावणे; तिथे शरीराच्या दुखण्याचा संबंधही नाही. मराठीने हा व्यापक अर्थ आखडून शरीरापुरता ठेवला, आणि हिंदीने याच कामासाठी ‘बीमारी’ हा वेगळा फारसी शब्द रूढ केला, ही गोष्ट मला फार लक्षणीय वाटते. बहमनी राज्य 1347 साली स्थापन झाल्यापासून पुढची काही शतके दख्खनच्या दरबारांत फारसीचा वावर होता आणि त्या काळात असे असंख्य शब्द मराठीत मिसळले. ‘आजारपण’ या शब्दात तर फारसी शब्दाला थेट आपला ‘-पण’ हा प्रत्यय लागला आहे. त्यामुळे ‘आजार’ परका समजून लेखनातून वगळावा, हे मत मला मुळीच पटत नाही.

त्याआधीचे शब्द ‘रोग’ आणि ‘व्याधी’. ‘रोग’ हा ‘रुज्’ म्हणजे मोडणे या धातूपासून झाला आहे. ‘आजार’ आल्यावरही तो मागे पडला नाही. दोघांनी कामे वाटून घेतली. पिकावर रोग पडतो, आजार पडत नाही, आणि संतांच्या ‘भवरोगा’च्या जागी ‘आजार’ बसवून पाहिला तर तो कानाला लगेच खटकतो. उलट घरातल्या माणसाला आपण ‘आजारी’ म्हणतो. ‘रोगी’ म्हटले तर ते कठोर वाटते.

‘काळा आजार’ हे नाव मात्र मराठीत घडलेले नाही. त्या तापात त्वचा काळवंडते म्हणून पूर्व भारतात ‘कालाज़ार’ हे नाव पडले, 1903 साली लीशमन आणि डोनोव्हन या डॉक्टरांनी त्याच्या परजीवीचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि आज जगभरचे वैद्यकीय ग्रंथ हाच ‘आज़ार’ वापरतात.